ओव्हरहॉलनंतर ट्रकचे इंजिन अडखळत असल्यास

भाजीपाला व फळे बाजारात पोहोचविण्यासाठी जुना पेट्रोल ट्रक अथवा जीपच्या जातीची पिकअप बाळगणारे काही शेतकरी आजही आढळतात. महिंद्र कंपनीच्या अशा जुन्या गाड्यांपैकी अनेकांत विलिज पद्धतीचे चार सिलिंडरांचे, २.२ लिटर क्षमतेचे ‘हरिकेन’ इंजिन असे. पुष्कळ गाड्यांना पुढे डिझेल इंजिने बसविण्यात आली. परंतु ज्यांची मूळ इंजिने टिकून आहेत त्यांना केव्हातरी बोअरिंग, नवे पिस्टन व नव्या रिंगा यांचा खर्च करावाच लागतो. एवढा खर्च करून गाडी घरी आणावी आणि ती थरथरू लागावी, मंद चालीवर बंद पडावी, चढावर धक्के देऊ लागावी, असे अनेकदा घडते. अशा वेळी काय पाहावे व कोणत्या क्रमाने पाहावे, हे येथे सांगावयाचे आहे.

बहुधा पहिला हात कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. वास्तविक ओव्हरहॉलच्या कामात कार्ब्युरेटर हा सर्वांत कमी उघडला जाणारा भाग होय. काम करण्यापूर्वी जो दोष नव्हता तो कामानंतर उद्भवला असेल, तर जे भाग उघडून पुन्हा जोडले त्यांतच तो प्रथम शोधणे सयुक्तिक ठरते.

हा शोध लांबणीवर टाकू नये, याचे कारण असे. ज्या सिलिंडरात ठिणगी पडत नाही अथवा अवेळी पडते, तेथील पेट्रोल जळत नाही. ते सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते व खाली उतरून चेंबरमधील तेल पातळ करते. नव्या रिंगा सिलिंडरमध्ये नीट बसण्याचा काळ पहिल्या काही तासांचा असतो आणि नेमक्या त्याच वेळी त्या कोरड्या घासू लागतात. म्हणून ‘चालवता चालवता बसेल’ या भरवशावर अडखळणारे इंजिन चालवीत राहिल्यास ओव्हरहॉलचा सारा खर्च वाया जाण्याचा संभव असतो. मोजकाठी काढून वास घ्यावा. तेलाला पेट्रोलचा वास येत असल्यास गाडी तेथेच उभी करावी.

प्रथम दोष एका सिलिंडरात आहे की सर्वांत, हे ठरवावे. इंजिन उघड्या जागी चालू करावे. बंद शेडमध्ये चालविल्यास धुरातील विषारी वायूने प्राणावर बेतू शकते. नंतर लाकडी अथवा रबरी मुठीच्या कोरड्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनच्या धातूस टेकवावे. वायर हवेत लोंबती ठेवू नये, कारण त्यामुळे कॉइलवर ताण येतो. वायर काढताच चाल मंदावली तर तो सिलिंडर काम करीत आहे असे समजावे. काहीच फरक न पडल्यास दोषी सिलिंडर तोच. चारही सिलिंडरांत सारखाच फरक पडत असेल, तर दोष टायमिंग, हवेची गळती किंवा कार्ब्युरेटर यांपैकी एकात असतो.

दोन सिलिंडर निकामी आढळल्यास प्लगच्या वायरींचा क्रम पाहावा. या इंजिनाचा क्रम १-३-४-२ असा असून पहिला सिलिंडर रेडिएटरकडील होय. वरून पाहिले असता डिस्ट्रिब्यूटरचा रोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. टोपी काढून व हँडल मारून ही दिशा डोळ्यांनी पाहून घ्यावी. वायरी उलट दिशेने लावल्या गेल्या तर गंमत अशी होते की, १ व ४ यांची ठिणगी बरोबर पडते आणि फक्त २ व ३ यांची अदलाबदल होते. त्यामुळे इंजिन चालू होते, आणि ते चालू होते म्हणूनच वायरींचा संशय कोणाला येत नाही. अशाच एका पिकअपचा कार्ब्युरेटर तीन वेळा उघडून धुतल्याचे पाहण्यात आले आहे. दोन वायरी बदलताच ती शांत चालू लागली.

एकच सिलिंडर मंद असेल तर त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरात लावून पाहावा. दोष प्लगबरोबर सरकला तर नवा प्लग घालावा. न सरकल्यास टॅपेट तपासावेत. या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये, तर धूर बाहेर टाकणारे ब्लॉकमध्ये असतात. वरचे टॅपेट झाकण काढताच दिसतात. खालच्यांसाठी ब्लॉकच्या बाजूचे झाकण काढावे लागते व ते काम अडचणीचे असल्याने कित्येकदा राहून जाते. व्हॉल्व्ह घासल्यावर तो सीटमध्ये अधिक खोल बसतो आणि फट कमी होते. फट अजिबात उरली नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब निसटतो व पुढे व्हॉल्व्हची कड जळते. इंजिन थंड असताना वरची फट १८ थाउ (०.४६ मिमी) व खालची १६ थाउ (०.४१ मिमी) ठेवावी.

फट बरोबर असूनही सिलिंडर काम करीत नसेल तर सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजावे. रिंगा नव्या असताना आकडे काहीसे कमी येतात, त्याची चिंता नको. चार आकड्यांत आपसांत फार अंतर नसावे. एखादा आकडा कमी असल्यास त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवीत असतील तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटले असण्याचा संभव मोठा.

टायमिंगच्या बाबतीत या इंजिनाची एक खोड ध्यानात ठेवावी. डिस्ट्रिब्यूटरला गती ऑइल पंपाच्या दांड्यातून मिळते. पंप बसविताना त्याचे चक्र एका दात्याने चुकले तरी पंप आपले काम चोख करतो, मात्र ठिणगीची वेळ बिघडते. ठिणगी फार उशिरा पडल्यास इंजिन तापते व ओढत नाही. फार लवकर पडल्यास चढावर खडखडाट होऊन नव्या पिस्टनांना इजा पोहोचते. पॉइंटची फट २० थाउ (०.५१ मिमी) ठेवून मगच टायमिंग ५ अंश अगोदर लावावे. हा क्रम उलटा करू नये, कारण पॉइंटची फट बदलली की टायमिंगही बदलते.

एवढे झाल्यावर हवेची गळती पाहावी. मॅनिफोल्डचा मार्ग हेडमध्येच ओतलेला असल्याने तपासण्याच्या जागा थोड्या असतात : कार्ब्युरेटरखालील गॅस्केट, थ्रॉटलचा झिजलेला दांडा आणि वायपरकडे जाणारी नळी. इंजिन मंद चालीवर ठेवून या जागी तेलाचे थेंब सोडावेत. चाल सुधारली तर गळती तेथेच आहे. पेट्रोल शिंपडून ही परीक्षा कदापि करू नये.

आता कार्ब्युरेटरकडे वळावयास हरकत नाही. चोक किंचित ओढल्याने चाल सुधारत असेल तर पेट्रोल कमी पडत आहे. बिघडत असेल तर जास्त होत आहे. मंद चालीचा स्क्रू हलक्या हाताने तळापर्यंत बसवून सुमारे दीड फेरा उघडावा व तेथून थोडा थोडा फिरवून पाहावा. तळापर्यंत बसवूनही चालीत फरक पडत नसल्यास फ्लोटची पातळी व नीडल तपासावी. येथे आजच्या पेट्रोलचाही विचार करणे प्राप्त आहे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते. त्याने जुनी रबरी नळी फुगते, टाकीच्या तळाचा मळ सुटून जेटमध्ये अडकतो आणि जुन्या जेटच्या मानाने मिश्रण काहीसे पातळ पडते. ओव्हरहॉलच्या काळात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी धुऊन, नळ्या व फिल्टर बदलूनच ती चालू करावी.

या सर्व तपासणीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी व वहीत नोंद करावी. दोष दूर झाल्यावर तेल व ऑइल फिल्टर लगेच बदलावा. पहिले काही दिवस पूर्ण भार घालू नये, तसेच इंजिन उभ्याउभ्या मंद चालीवर फार वेळ ठेवू नये. काहीशे किलोमीटर चालल्यानंतर हेडचे नट पुन्हा योग्य जोराने आवळावेत आणि त्यानंतर टॅपेटची फट परत मोजावी.