जे-पाऊच, अँटिबायोटिक आणि बिघडलेलं पोट

पावसाळ्यात भातलावणी सुरू झाली की दादरा-नगर हवेलीतल्या किलवणीच्या आसपास तापाची भीती वाढते. हा सगळा भाग लेप्टोस्पायरोसिस या तापाचा पट्टा आहे. चिखलात राबणाऱ्याला ताप आला की डॉक्टर डॉक्सीसायक्लिनसारखं अँटिबायोटिक देतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्याला जे-पाऊच आहे, त्याचं पोट या गोळ्यांनी बिघडलं तर शेजाऱ्यापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळे नेहमीच्या पोटाचा सल्ला देतात. तो त्याला लागू पडत नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा घराण्यात चालत आलेला पॉलिपोसिस असेल, तर कधी कधी मोठं आतडं आणि गुदाशय काढावा लागतो. मग लहान आतड्याचं टोक इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखं दुमडून पिशवी शिवतात आणि ती गुदद्वाराला जोडतात. यालाच जे-पाऊच म्हणतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये अशा पिशवीची शस्त्रक्रिया मांडली. तिचं ‘जे’ रूप १९८० मध्ये जपानच्या उत्सुनोमिया यांनी दिलं. अशा माणसाला दिवसातून चार ते आठ वेळा शौचाला होणं हे रोजचंच असतं.

गैरसमज: मोठं आतडंच नाही, तर अँटिबायोटिकने बिघडणार काय?

पिशवीत काही महिन्यांत जिवाणूंची स्वतःची वस्ती तयार होते, बरीचशी मोठ्या आतड्यातल्यासारखी. अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर तीही विस्कटतं. काही औषधं तर थेट आतड्याची हालचाल वाढवतात. एरिथ्रोमायसिन त्यातलं ठळक. आणि क्लोस्ट्रिडियम डिफिसिल, म्हणजे ‘सी-डिफ’ हा जिवाणू पिशवीतही वाढू शकतो. गोळ्या चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांनीही त्याचे जुलाब सुरू होतात. त्यासाठी शौचाची तपासणी लागते आणि औषधही निराळं, बहुधा पोटातून घ्यायचं व्हॅन्कोमायसिन. सी-डिफचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. घरात असा रुग्ण असेल तर साबण-पाण्यानेच हात धुवा.

गैरसमज: जुलाब वाढले म्हणजे पाऊचायटिस. मागच्या वेळच्याच गोळ्या आणाव्यात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या समजुतीची. पाऊचायटिस म्हणजे पिशवीला येणारी सूज. तिच्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोल साधारण दोन आठवडे देतात आणि बहुतेकांना गुण येतो. त्यामुळे जुनी चिठ्ठी दुकानात दाखवायची सवय लागते. पण जुलाबाचं कारण सी-डिफ असेल, तर नवं अँटिबायोटिक आगीत तेल ओततं. उलटंही घडतं. दाढेसाठी घेतलेल्या मेट्रोनिडाझोलने शौचाला जाणं कमी होतं, माणूस खूश होतो, आणि गोळ्या संपताच त्रास पुन्हा सुरू होतो. अशा वेळी पिशवीत आधीपासूनच सूज असण्याची शक्यता असते. गोळ्यांनी ती दबून राहिलेली असते. नक्की काय ते शौचाची तपासणी आणि गरज पडल्यास पिशवीची दुर्बिणीतून पाहणी केल्यावर कळतं. सिप्रोफ्लॉक्सासिन दूध, कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडबरोबर घेतलं तर अंगी लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

गैरसमज: गोळ्या गरम पडल्या, ताक आणि नारळपाणी घेतलं की झालं.

मोठ्या आतड्यात रोज सुमारे दीड लिटर द्रव येतो आणि त्यातलं बहुतेक पाणी व मीठ तिथेच शोषलं जातं. ती सोय तुमच्याकडे उरलेली नाही. त्यामुळे दोन दिवसांच्या जुलाबात इतरांना थकवा येतो, तुम्हाला चक्कर येते आणि लघवी कमी होते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. नुसतं पाणी ढसाढसा प्यायलं तर मिठाची तूट वाढते. ओआरएसच घ्या, पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. ओआरएस नावाने विकल्या जाणाऱ्या गोड फळपेयांवर भरवसा ठेवू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. भाताची किंवा नागलीची मीठ घातलेली पेज चांगली. ताक सोसत असेल तर जरूर प्या, पण ते औषध नव्हे. पिशवीची सूज परतू नये म्हणून काही ठरावीक प्रोबायोटिक मिश्रणांचा उपयोग दिसला आहे. दुकानातली कुठलीही कॅप्सूल त्यांची जागा घेत नाही.

गैरसमज: मग अँटिबायोटिक घेऊच नये.

लेप्टोस्पायरोसिस किंवा न्यूमोनियात गोळ्या नाकारणं जिवावर बेतू शकतं. पोट बिघडलं तर कोर्स मनाने सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. औषध बदलता येतं. ताप किंवा रक्त असताना जुलाब थांबवणारी लोपेरामाइड स्वतःहून वाढवू नका.

सिल्वासाचं विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल असो की गावातला दवाखाना, ‘मोठं आतडं काढलं आहे, जे-पाऊच आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. शस्त्रक्रियेच्या कागदाची प्रत पाकिटात ठेवा. ताप, रक्त, सतत उलट्या, पोट फुगून शौच बंद होणं किंवा लघवी फार कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.