संगणकाचा मेंदू बदलावा का?

घरचा संगणक रखडू लागला की पहिला सल्ला मिळतो, ‘प्रोसेसर बदला!’ आनेकलसारख्या तालुक्याच्या गावाहून बेंगळुरूचा एस. पी. रोड, म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार, बराच लांब. एवढी खेप घालण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडून पाहा. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर आणि सीपीयू मात्र निवांत असेल, तर प्रोसेसर बिचारा निर्दोष आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवा, ४ जीबी रॅमची ८ करा. हिशेब, पत्रे, मुलांचा अभ्यास यांना एवढे पुरते.

शिवाय प्रोसेसर एकटा येत नाही. इंटेलच्या सातव्या आणि २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीचे सॉकेट दिसायला सारखेच, पण आठवीचा प्रोसेसर सातवीच्या मदरबोर्डवर चालत नाही. म्हणजे बोर्डही नवा आणि कित्येकदा रॅमही! शालू घ्यायला जावे आणि मांडवाचा खर्च गळ्यात पडावा, तसे हे. एएमडीचा एएम-४ बोर्ड असेल तर मात्र बदल परवडतो. बायोस अद्ययावत केल्यावर अशा कितीतरी जुन्या बोर्डांवर नंतरचे रायझेन चालतात.

खरी अडचण वेगळीच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. याच संगणकावर बँकेचे व्यवहार होत असतील तर चालढकल नको. लिनक्स मोफत मिळते. ते घरच्यांना जमणार नसेल, तर नुसत्या प्रोसेसरवर पैसे न घालता नवा संगणकच घ्या.