'नादान' आणि 'अजाण': एकाच धातूची दोन लेकरं

इराणमध्ये केर्मानशाहजवळ बिसुतूनच्या उंच कड्यावर सम्राट दरायसने इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास आपली विजयगाथा तीन भाषांत कोरवून घेतली. १८३५ पासून हेन्री रॉलिन्सनने त्या कड्यावर चढून अक्षरं उतरवली आणि कीलाक्षरांतली जुनी फारसी वाचता येऊ लागली. त्या फारसी मजकुराचा पहिलाच शब्द आहे 'अदम', म्हणजे 'मी'. पारशांच्या धर्मग्रंथाच्या, अवेस्तेच्या भाषेत हाच शब्द 'अझम' होतो, आणि संस्कृतात 'अहम्'.

द, झ आणि ह! वरवर पाहता यांचा एकमेकांशी काही संबंध वाटत नाही. पण संस्कृत आणि इराणी भाषा एकत्र नांदत होत्या, त्या काळात एक तालव्य ध्वनी होता. त्याच्या महाप्राण रूपाचा संस्कृतात 'ह' झाला, साध्या रूपाचा 'ज'. अवेस्तेत दोन्हींचा 'झ' झाला, आणि दरायसच्या फार्स प्रांतात दोन्हींचा 'द'. हा नियम हाती आला की शब्द भराभर ओळख देऊ लागतात. संस्कृत 'हस्त', अवेस्तेत 'झस्त', जुन्या फारसीत 'दस्त'. आपण कागदावर करतो त्या दस्तखतातला 'दस्त' (पुढचा 'खत' अरबी) आणि हस्ताक्षरातला 'हस्त' हा एकच हात आहे.

मला सर्वांत मोह पडतो तो 'नादान'चा. संस्कृत 'ज्ञा'पासून आपलं 'जाणणं' आलं. फारसीत त्याच धातूचं 'दान' झालं. म्हणून 'नादान' म्हणजे अक्षरशः 'अजाण'. कुर्दी आणि बलुची भाषांत मात्र आजही 'जाणणं' झ-नेच सुरू होतं. त्यांच्या वाटा फारसीपासून फार पूर्वी फुटल्या, याचा हा जिवंत पुरावा.

पुढे फारसी विलक्षण झिजली. तीन लिंगं गेली, विभक्तींचे प्रत्यय गळाले, सासानी राजवटीच्या (इ.स. २२४ ते ६५१) पहलवीत ही पडझड जवळपास पुरी झाली होती. आज 'तो' आणि 'ती' दोघांसाठी फारसीत एकच 'ऊ' आहे. दरायसच्या शिलालेखातला राजवाचक 'क्षायथिय' झिजून 'शाह' उरला. अरबी विजयानंतर लिपी बदलली, अरबी शब्दांचा लोंढा आला; तरी फिर्दौसीने १०१० मध्ये 'शाहनामा' पुरा केला तो याच सडपातळ, लवचिक फारसीत. नंतर बहमनी आणि आदिलशाही दफ्तरांतून तीच भाषा मराठीत उतरली. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. स्वभाषेसाठी ते हवंच होतं. पण आलेल्या शब्दांपैकी कितीतरी मुळात संस्कृताच्याच भावंडांचे वंशज होते.

काही तर त्याआधीच आले होते. सत्ता या अर्थाचा संस्कृत शब्द 'क्षत्र'. त्याचा जुना इराणी जुळा भाऊ राज्य या अर्थाने वापरला जाई. राज्य राखणारा तो 'क्षत्रप'. ही इराणी पदवी नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाच्या नावाशी कोरलेली आहे, तीही जोडाक्षरासकट. इराणात तोच 'क्षत्र' शतकानुशतकं झिजत गेला, त्याचा अर्थ राज्यावरून नगरावर सरकला आणि त्याचं 'शहर' झालं. लेण्यांच्या ओट्यावरून समोर पसरलेलं दिसतं त्याला आपण नाशिक शहर म्हणतो.