तेराव्या दिवसानंतर

लिंबागणेश हें बीड तालुक्यांतील भालचंद्र गणेशाचें गांव. अशा गांवांत मृत्यु घडला, म्हणजे शोकाची रीत ठरलेली असते. भावकी जमते, सोयरे कडू घास भरवितात, दहा दिवस घर माणसांनीं भरलेलें असतें. तेरावा होतांच सारे परततात. आणि जिचा पति गेला, तिचें एकाकीपण त्याच दिवशीं सुरू होतें.

असाध्य रोग्यांच्या शुश्रूषागृहांनीं, म्हणजेच हॉस्पिसनीं, ही पोकळी ओळखली. सिसिली साँडर्स ह्या विदुषीनें १९६७ सालीं लंडनला सेंट क्रिस्टोफर हें असें गृह काढलें. वेदना केवळ देहाची नसते; मन, संसार व श्रद्धा ह्यांचीहि असते, हें तिचें प्रतिपादन. म्हणून तेथें रोग्याबरोबर त्याचें कुटुंबहि शुश्रूषेस पात्र मानिलें गेलें. भारतांतील पहिलें हॉस्पिस, शांति अवेदना सदन, १९८६ मध्यें मुंबईस वांद्र्याला उघडलें. पुण्यास वारज्याचें सिप्ला केंद्र १९९७ मधील.

हें सांत्वन मृत्यूपूर्वींच सुरू होतें. रोग बरा होणार नाहीं, हें घरच्यांस हळुवारपणें पण स्पष्ट सांगतात. अंग पुसणें, कूस बदलणें, औषध देणें त्यांस शिकवितात. आपल्या हातून सेवा घडली, ही जाणीव पुढें आधार देते. कारण मागें राहिलेल्यांस 'आधींच मुंबईस नेलें असतें तर?' हा प्रश्न छळीत असतो. निरोप घ्यावयाचा राहिला, तर ती रुखरुख वर्षानुवर्षें जात नाहीं.

मृत्यूनंतर समुपदेशक उपदेश करीत नाहीं, ऐकतो. 'आतां आवरा' असें तो म्हणत नाहीं. गेलेल्याचें नांव घेऊं देतो. शोकाच्या पायऱ्या सर्वांनीं क्रमानेंच चढाव्या लागतात, ही समजूत चुकीची आहे. कधीं रडूं कोसळतें, कधीं पेरणीच्या चिंतेंत मन गुंततें. असे हेलकावे स्वाभाविक होत, असें मार्गारेट स्ट्रोबे व हेंक शुट ह्यांनीं १९९९ सालीं मांडलें. मुलांस 'बाबा गांवाला गेले' असें सांगूं नये. तीं वाट पाहत राहतात. सहा महिन्यांहून अधिक काळ, रूढीच्या मर्यादेपलीकडे, शोकानें नित्यव्यवहारच खुंटला, तर जागतिक आरोग्य संघटना त्यास विकार मानते. तेव्हां वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

शुश्रूषागृह प्रत्येक गांवीं नाहीं. पण त्याची शिकवण कोणासहि आचरतां येईल. तेराव्याला आलेल्या शहरी आप्तांनीं परततांना पुढच्या भेटीचा दिवस ठरवावा. त्या दिवशीं खरोखरच यावें, ओट्यावर बसावें आणि गेलेल्या माणसाची गोष्ट काढावी.