सर्व्हर डाऊन नव्हता

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं ठाणं. दाखले काढून देणारी, उतारे छापून देणारी सेंटरं इथे आहेत आणि तिथे दिवसभर एक वाक्य कानावर येतं : "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." आहुप्याच्या डोंगरातून एसटीने आलेल्या माणसाची त्या वाक्यासरशी दिवसाची मजुरी बुडते. सर्व्हर खरंच इतक्यांदा बंद पडतो का, एवढंच बघून ये, असं संपादकांनी सांगितलं होतं. ते बघता बघता नारायणगाव ते घोडेगाव या पट्ट्यात नेटची कामं करणाऱ्या एका तरुणाशी गाठ पडली.

तक्रार आली की बहुतेक जण राउटर बंद-चालू करतात. हा आधी लॅपटॉप लावतो आणि वायरशार्क सुरू करतो. तारेतून जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट त्यात वेळेसकट नोंदलं जातं. हे तंत्र जुनं आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८८च्या सुमारास टीसीपीडम्प तयार झालं. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८मध्ये इथेरियल आणलं, त्याचंच नाव २००६मध्ये वायरशार्क झालं. ते आजही फुकट मिळतं.

पण आता वेबवरचं जवळपास सगळंच कूटबद्ध असतं, मग पकडलेल्या पॅकेटांत दिसणार काय? मजकूर दिसत नाही, हे खरंच. पण ताडपत्री न सोडताही टोमॅटोच्या गाडीचं वजन काट्यावर कळतंच. कोण कोणाशी बोललं, किती बाइट गेले, कोण आधी गप्प झालं, हे सगळं बाहेरून वाचता येतं. कनेक्शन बिघडतं तेही बहुधा सुरुवातीच्या हँडशेकमध्येच, आणि त्याचा पहिला भाग उघडा असतो.

त्या दिवशी एका सेंटरमध्ये गूगल उघडत होतं, यूट्यूब चालत होतं, पण एक पोर्टल नुसतं गोल फिरत होतं. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की तेच पोर्टल लगेच उघडे. सेंटर चालवणाऱ्या ताईंना यावरून वाटलं, कॉम्प्युटरला व्हायरस लागला.

त्याने पोर्ट ४४३चा फिल्टर लावला. पहिल्या तीन ओळी चोख होत्या : इकडून सिन, तिकडून सिन-ॲक, इकडून ॲक. म्हणजे सर्व्हर जागा होता. चौथी ओळ क्लायंट हॅलोची. मला कोणत्या आवृत्त्या समजतात, कोणते सायफर चालतात आणि कोणत्या नावाचा सर्व्हर हवा आहे, हे ब्राउझर त्यात सांगतो. तेही पोचलं, पोच परत आली. आता यायला हवं होतं सर्व्हर हॅलो आणि त्यामागून सर्टिफिकेट. आला फक्त एक छोटा तुकडा. आधीचा भाग मिळालेला नाही, असा शेरा वायरशार्कने त्यावर मारला होता. मधलं आलं नाही, असं आपल्या बाजूने कळवलं गेलं. त्यानंतर एकही ओळ नाही.

"ताई, सर्व्हर डाऊन नाहीये. लहान पॅकेट येतंय, मोठं वाटेत अडतंय," तो म्हणाला.

मी या जागी बराच वेळ रेंगाळलो, कारण बिघाड कुठल्याच एका यंत्रात नव्हता. इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइटांची. या सेंटरची फायबर लाइन पीपीपीओईवर चालते. त्याचं वेष्टन ८ बाइट खातं, उरतात १४९२. सर्व्हर मात्र भरगच्च १५०० बाइटांचं पॅकेट पाठवतो, वर 'तुकडे करू नका' अशी खूण लावून. मधला राउटर ते टाकून देतो आणि 'लहान पाठव' असा आयसीएमपी निरोप सर्व्हरकडे धाडतो. पोर्टलच्या फायरवॉलने आयसीएमपी सरसकट अडवलेलं असेल, तर तो निरोप दारातच मरतो. सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पाठवतो, ते पुन्हा टाकलं जातं. सर्टिफिकेटांची साखळी सहसा काही हजार बाइटांची असते, म्हणून घोडं नेमकं तिथेच अडतं.

त्याने पिंग लावून पाहिलं : १४६४ बाइटांचं जातं, १४६५चं जात नाही. त्यात २८ बाइटांची शीर्षकं मिळवली की बरोबर १४९२. मग राउटरमध्ये एमएसएसची, म्हणजे एका पॅकेटातल्या मजकुराची, मर्यादा १४५२ केली आणि पोर्टल उघडलं. रांगेतल्या आजोबांचा उतारा निघाला. इतकं नेमकं निदान मी फार थोड्या धंद्यांत पाहिलं आहे.

काळजी वाटते ती पुढची. २०१८मध्ये आलेल्या टीएलएस १.३ने, म्हणजे वेबच्या कूटबद्धतेच्या नव्या आवृत्तीने, सर्टिफिकेटही झाकलं. पूर्वी एखाद्या कॉम्प्युटरची बटन-सेलची बॅटरी संपून तारीख मागे गेली की सर्टिफिकेट नाकारल्याचा इशारा कॅप्चरमध्ये कित्येकदा सरळ वाचता यायचा. आता तो इशाराही झाकलेला असतो. सर्व्हरचं नाव लपवणारी पद्धतही येते आहे. क्वांटम संगणकांच्या धास्तीने नव्या किल्ल्या मोठ्या झाल्या, त्यामुळे क्लायंट हॅलोच एका पॅकेटात मावेनासा झाला आहे आणि काही जुनी फायरवॉल-यंत्रं त्याला अडखळतात. ग्राहकासाठी ही झाकपाक चांगलीच आहे, ती सैल करा असं मी म्हणणार नाही. ब्राउझरला स्वतःच्या किल्ल्या फाइलमध्ये लिहायला लावून कॅप्चर उलगडता येतं. पण सेंटरच्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार क्रमांक, बँकेचे तपशील असतात. म्हणून तो तसलं काही करायचं झालं, तर स्वतःच्याच लॅपटॉपवर करतो आणि काम झालं की फाइल पुसतो.

खरी वाईट सवय दुसरीच आहे. सर्टिफिकेटचा इशारा आला की 'तरीही पुढे जा' दाबायचं, हे अनेक सेंटरांत सर्रास चालतं. जुलै २०१४मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं आणि त्या यंत्रणेची सर्टिफिकेटं रद्द करावी लागली. त्या इशाऱ्याला किंमत आहे ती यासाठी.

आणि मूळ दुखणं तसंच आहे. त्याने त्या दिवशीच्या ओळी वेळेसकट पोर्टलच्या मदत केंद्राला पाठवल्या. ब्राउझरची कॅश साफ करा, असं उत्तर आलं. कॅप्चर वाचू शकणारा एक तरी माणूस तिथे बसायला हवा आणि फायरवॉलने तो एक आयसीएमपी निरोप आत सोडायला हवा. खर्च काहीच नाही. तोवर डिंभ्यापासून नारायणगावापर्यंत एकेका राउटरमध्ये १४५२ घालत फिरायचं, आणि ज्या सेंटरपर्यंत तो पोचलेला नाही तिथे लोकांनी उद्या यायचं.