समुद्राच्या खात्यावर वैनगंगा

जवाहरनगरच्या वसाहतीतून भंडाऱ्याकडे निघालेल्या माणसाला समुद्राची आठवण व्हावी असे वाटेत काहीही नाही; पूर्वेचा असो वा पश्चिमेचा, किनारा येथून शेकडो मैल दूर. तरीही श्रावणात ज्या धानाच्या बांध्या तुडुंब भरलेल्या असतात, त्यांच्या धुऱ्यांवरून ओसंडलेले पाणी नाल्यानाल्याने वैनगंगेत उतरते, वर्धेशी संगम पावून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत मिसळते आणि राजमहेंद्रीच्या पुढे अनेक मुखांनी बंगालच्या उपसागरास मिळते. आणि त्या पाण्याबरोबर आपल्या मातीतील नायट्रोजन, फॉस्फरस व सिलिका ही द्रव्ये समुद्राच्या खात्यावर जमा होतात.

समुद्रातील सारी जीवसृष्टी ज्यांच्यावर पोसली जाते त्या सूक्ष्म तरंगत्या वनस्पतींना, म्हणजे वनस्पती-प्लवकांना, धानाप्रमाणेच खत लागते. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी दाखवून दिले की, सागरी प्लवकांच्या देहात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सुमारे सोळा अणू असतात, आणि खोल समुद्राच्या पाण्यातही जवळजवळ तेच प्रमाण आढळते. मात्र अडचण अशी की मेलेला जीव तळाशी जातो, म्हणून खत खाली साठते आणि सूर्यप्रकाश वरच राहतो. या दोहोंची गाठ कोठे, केव्हा आणि कशी पडते, यावरच त्या त्या किनाऱ्याची सुबत्ता ठरते, आणि हवामानाचा हात येथेच पोचतो. युरोपच्या उत्तर समुद्रात हिवाळ्याची वादळे तळाचे खत वर आणून ठेवतात, परंतु ऊन वसंतातच मिळते आणि मग काही आठवड्यांत तो साठा संपतो. पेरूच्या किनाऱ्यावर वारा पृष्ठभागाचे पाणी आत समुद्रात लोटतो आणि त्याच्या जागी थंड, सकस पाणी खालून सतत वर येत राहते. आपल्या कोकणासमोर हेच काम, बरेच सौम्यपणे, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत घडते. बंगालच्या उपसागरात मात्र ऊन बारमाही असूनही मोठमोठ्या नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे पसरते, ते हलके असल्याने खाली मिसळत नाही, आणि तळचे खत तळाशीच अडकते. एखादे चक्रीवादळ ते झाकण उलथते, हा एक अपवाद. म्हणूनच या उपसागराच्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्याला नदीने आणलेल्या द्रव्यांचे मोल अधिक आहे.

पण खत मिळाले म्हणजे सारे साधले असे नाही. भर पावसाळ्यात रोवणी झालेल्या बांधीत उतरून एक मूठ चिखल उपसून पाहावा: वर जेमतेम नखाएवढा तांबूस थर, त्याखाली करडा-काळा रेंदा, त्याला कुजकट वास, आणि पाय रुतला की बुडबुडे. पाण्याखालच्या त्या काळ्या थरात प्राणवायू उरलेला नसतो, म्हणून तेथील जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायूवर गुजराण करतात आणि नायट्रोजन पुन्हा हवेत सोडून देतात. शेतकऱ्याने पैसे मोजून टाकलेल्या युरियाचा एक भाग असा उडून जातो. जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत बनणारी तोफेची दारू हेही नायट्रोजनचेच संयुग, पण तिच्यातील नायट्रोजन क्षणार्धात मोकळा होतो आणि बांधीतला निमूटपणे, दिवसेंदिवस. मला विलक्षण वाटते ते हे, की बांधीतली हीच क्रिया भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोरील उथळ समुद्रात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, अतिविशाल प्रमाणावर चालते. गोव्यात दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा प्राणवायूचा तुटवडा वाढत असल्याचे आणि त्यापायी पृथ्वी तापवणारा नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडत असल्याचे दाखवले. वाढत्या तुटवड्यामागे जमिनीवरून वाहून येणारे नायट्रेट असावे, असा त्यांचा कयास होता.

वैनगंगेच्या जमाखर्चातही असे फेरफार झाले आहेत. पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण झाले, ज्याची कोनशिला १९८८ साली बसली, आणि पूर्वी पुराबरोबर पुढे जाणारा गाळ व त्याला चिकटलेला फॉस्फरस जलाशयात थबकू लागला. उलट नाग नदीने कन्हानमार्गे आणलेले नागपूरचे सांडपाणीही त्याच जलाशयात येऊन पडते आणि संथ पाण्यावर जलपर्णी माजते. समुद्राला हवा असलेला गाळ अडतो आणि नदीला नको असलेले खत साचते, हा दुहेरी तोटा मनाला लागून राहतो.

या मुलखात याहून शहाणी रीत होती. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या आणि पुढे मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात राहिलेल्या शेकडो तलावांत उतारावरून वाहून आलेली माती थांबे आणि ती उपसून पुन्हा शेतात नेली जाई. मालगुजारी १९५१ साली संपुष्टात येऊन तलाव सरकारजमा झाले, 'माजी मालगुजारी' म्हणून त्यांचे लोकांच्या तोंडी मामा तलाव झाले, आणि गाळ काढण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे पुष्कळ ठिकाणी अनिर्णीतच राहिले. तरी अजूनही काही गावांत वैशाखात तलावाचा तळ उघडा पडला की भेगाळलेली ढेकळे फोडली जातात. त्यांत गोगलगायींची पांढरी कवचे आणि कमळाची वाळकी मुळे निघतात, आणि तो काळा गाळ ट्रॉलीत भरून, मृगाचा पहिला पाऊस पडण्याआधी, ज्या बांध्यांतून तो वाहून आला होता त्यांतच परत पसरला जातो.