ध्रुवीय रात्रीत सापडलेलं सनस्क्रीन

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर हिवाळ्यात जवळपास चार महिने सूर्य उगवत नाही. तिथल्या नी-ओलेसुंद या संशोधन वस्तीजवळच्या पाच हिमनद्यांवरचं बर्फ इटलीच्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये तपासलं. बर्फ थराथरानं साचतं, त्यामुळे कुठला थर कोणत्या ऋतूतला हे ओळखता येतं. सनस्क्रीनमधली, अतिनील किरण अडवणारी रसायनं या थरांत मिळाली आणि त्यांचं प्रमाण सर्वाधिक होतं ते हिवाळ्यातल्या बर्फात. त्या अंधारात तिथे सनस्क्रीन कोण लावणार? ती रसायनं दक्षिणेकडच्या दाट वस्तीतून वाऱ्यावर आली होती.

दुसरी वाट सांडपाण्याची. गिळलेल्या औषधाचा काही भाग लघवीवाटे बाहेर पडतो. साबण, शाम्पू, क्रीम न्हाणीघरातून वाहून जातं. स्वालबार्डच्या लाँगइयरबेनमध्ये प्रक्रियेविनाच समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्यात नैराश्यावरच्या औषधांचे अंश आढळल्याचं २००८मध्ये प्रसिद्ध झालं.

अंटार्क्टिकात १९९१च्या माद्रिद करारानं कचऱ्यावर बंधनं घातली. पण उन्हाळ्यात साधारण तीस किंवा अधिक माणसं राहतात त्या तळांना सक्ती आहे ती फक्त मैला दळून समुद्रात सोडण्याची. दळल्यानं मैल्याचे तुकडे होतात, औषधाचा रेणू जसाच्या तसा राहतो. अमेरिकेच्या मॅकमर्डो तळावर २००३मध्ये प्रक्रिया केंद्र आलं. त्यानंतरही तिथल्या आणि शेजारच्या न्यूझीलंडच्या स्कॉट तळाच्या सांडपाण्यात, किनाऱ्याच्या समुद्रात आणि सागरी जीवांतही प्रसाधनांतली रसायनं आढळली. कारण अशी केंद्रं मुख्यतः घन मळ आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असतात.

आपल्याकडच्या नद्यांत ऊन आणि जिवाणू अशा रसायनांचं काही प्रमाणात विघटन करतात. ध्रुवांवर हिवाळ्यात ऊन नाही आणि थंडीत जिवाणूंचं काम मंदावतं. फ्रीजमध्ये अन्न टिकतं, तशी ही रसायनं तिथे टिकतात. त्यांचं प्रमाण अत्यल्प असलं तरी भर सतत पडत असते. औषधं तर शरीरावर परिणाम व्हावा म्हणूनच घडवलेली असतात, तेव्हा ‘थोडंसंच आहे’ म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

तळांवर उत्तम प्रक्रिया केंद्रं उभारणं शक्य आहे आणि ती उभारलीच पाहिजेत. पण वाऱ्यावर येणारी रसायनं अडवायची तर ती जिथून निघतात तिथेच अडवावी लागतील. युरोपीय संघानं २०२४च्या कायद्यानं शहरी सांडपाण्यातून असे सूक्ष्म प्रदूषक काढण्याच्या जादा प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि प्रसाधन कंपन्यांवर टाकला. जगाला औषधं पुरवणाऱ्या भारतानंही हाच नियम करायला हवा. तसं झालं तर ध्रुवांच्या आधी आपल्याच नद्या स्वच्छ होतील.